बागेतलं मीठ

१२ जानेवारी, रविवार

अखेर मलाच करावं लागणार. आज पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली आणि मोकळ्या जागेच्या आखणीचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष प्रविणला ते पसंत नव्हतं. त्याला पनवेलहून कोणीतरी बागा सजवणारा आणायचा होता. मी उभा राहून एवढंच विचारलं, "एकतीस वर्षं नागोठण्याला कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी काय रांगोळ्या काढत होतो?" लोक हसले. लोक हसले की हात वर होतात.

पेणच्या बाहेर, धरमतरच्या रस्त्याला ही आमची हरित वसाहत. तीन इमारती, गच्चीवर सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची टाकी, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. जाहिरातीत 'सर्वांची सामाईक बाग' होती. राहायला येऊन चार वर्षं झाली तरी बागेच्या जागी मुरूम आणि करपलेलं गवतच आहे. इथली माणसं लिफ्टमध्येसुद्धा एकमेकांना ओळख देत नाहीत. बाग झाली की खाली येऊन बसतील. निदान माझ्याशी भांडायला तरी येतील.

शांती म्हणाली, "करा. पण सगळ्यांना विचारून करा."

मी न विचारता काय करतो?

१९ जानेवारी, रविवार

आराखडा पुरा झाला. मधोमध हिरवळ, भोवती चालायची वाट, पूर्वेला मुलांचे झोके, पश्चिमेला म्हाताऱ्यांचे बाक. शाईने काढला. आजकाल कोणी शाईने काढत नाही.

समोरच्या दारातली नमिता शाळेत शिकवते, तिने वर्गातल्यासारखं विचारलं, "भाजीचे वाफे कुठे आहेत यात?" मी म्हटलं, भाजी पेणच्या बाजारात मिळते. तिने तोंड फिरवलं. फिरवू दे.

सोसायटीचा माळी रघूही आराखडा बघायला आला. चाळिशीचा आहे, खाडीकाठच्या गावचा, आधी मिठागरावर कामाला होता. मातीने भरलेलं बोट सरळ आराखड्यातल्या हिरवळीवर ठेवलं.

"काका, मधी ही हिरवळ नाय व्हनार. ही खाजनाची, खाडीच्या दलदलीची जागा हाय, वरून भराव टाकलाय निस्ता. मार्च लागला का बोअरचं पानी बिघडतं. त्यापरीस मधी तळं खना, पावसाचं पानी धरा. कडंनं करंज लावा, उंडी लावा. ती तगतात."

कागदावर त्याच्या बोटाचा डाग पडला. तळं खणलं की रोज पाणी घालायचं काम वाचलं, हे मला कळत नाही का? कामचुकार माणूस किती शहाणपणाने बोलतो! मी वरशाचा, रोह्याजवळचा. भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकणाऱ्या घरातला. मातीचं मला मिठागरवाल्याने शिकवावं?

८ फेब्रुवारी, शनिवार

हिरवळ अंथरली. पुण्याहून ट्रक आला, सतरंजीच्या गुंडाळ्या सोडाव्यात तशा चौकोनी पट्ट्या सोडल्या. संध्याकाळी मुलं अनवाणी धावली. शांती चपला काढून मधोमध जाऊन उभी राहिली आणि उगाच हसली. नमितासुद्धा आली होती. तीन इमारतींतली चाळीसेक माणसं एका जागी बघितली, असं चार वर्षांत झालं नव्हतं.

फक्त रघू कडेला उभा होता, हात मागे बांधून. एखाद्याच्या घरी दुःख असावं तसं तोंड करून. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१६ मार्च, रविवार

दक्षिणेची बाजू पिवळी पडली आहे. टाकीतलं पावसाचं पाणी गेल्या महिन्यातच संपलं, आता बोअर चालू आहे. आज सकाळी खाली गेलो तर मोटार बंद. रघू बाकावर बसलेला.

"पाणी का घातलं नाहीस?"

"काका, जास्त पानी दिलं का जास्त जळते ती."

पाण्याने जळते! एकतीस वर्षं कंपनीत काढली, असलं विज्ञान ऐकलं नाही. उद्यापासून दोन वेळा पाणी घालायचं, लेखी हुकूम दिला आहे. त्याने कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मोटार चालू केली.  हे न बोलणं मला ओळखीचं आहे. कंपनीत युनियनवाले असंच गप्प राहायचे.

सोसायटीच्या ग्रुपवर प्रविणने लिहिलं, "काका, ड्रॉइंग छान होतं हो." होतं!

३० मार्च, रविवार

आता सगळं कळलं.

सकाळी चालायच्या वाटेच्या कडेला पांढरं दिसलं. आधी चुना वाटला. चिमूटभर जिभेवर ठेवलं. मीठ! हिरवळीत ठिकठिकाणी पापुद्रे आलेत, जिथे गवत मेलंय नेमकं तिथे.

माझी बाग कोणीतरी मीठ घालून मारतो आहे.

प्रविणला माझं नाक कापायचं आहे. पण प्रविण स्वतः वाकून काही करणाऱ्यातला नाही. नमिता? तिच्यात तेवढी हिंमत नाही. या वसाहतीत मीठ आणू शकेल, पहाटे सगळ्यांच्या आधी बागेत येत असेल आणि पहिल्या दिवसापासून जिला ही हिरवळ नको होती अशी व्यक्ती एकच आहे.

शांतीला सांगितलं. ती म्हणाली, "रघू? तो असं कशाला करेल?" मी म्हटलं, तुला माणसं कळत नाहीत. ती उठून आत गेली.

११ एप्रिल, शुक्रवार

सापडलं! झाडू-फावडी ठेवायची पंपाजवळची खोली मी आज उघडायला लावली. कोपऱ्यात झाकून ठेवलेलं मिठाचं पोतं, मीठ जाडं, मिठागराचं, पंधरा-वीस किलो. रघूचा चेहरा उतरला. मी त्याला तिथेच पोत्याशेजारी उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. 'आपल्या बागेचा मारेकरी' असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. नगरपालिकेच्या बाग स्पर्धेसाठी सगळ्या सोसायट्यांचा मिळून एक ग्रुप आहे, त्यावरही टाकला. इतरांनी सावध राहिलेलं बरं.

प्रविणने पहिल्यांदाच मला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

१३ एप्रिल, रविवार

सभा झाली. पोतं मी टेबलावर ठेवलं होतं.

"हे मीठ कोणाचं?" प्रविणने विचारलं.

"आमच्या मिठागराकडचं. मीच आनलंय," रघू म्हणाला.

"कशाला?"

त्याने एकदा समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं, बायकांच्या बाजूला जरा जास्तच वेळ, आणि मान खाली घातली. नमिता पहिल्याच रांगेत होती. पदराशी चाळा करत होती.

"काका, बागेत मी मीठ घातलं नाय," एवढंच म्हणाला. "ज्या जमिनीनं पोटाला दिलं तिच्यात कोन मीठ घालतो?"

"मग आणलंस कशाला ते सांग ना!" मी ओरडलो. माझा आवाज पार्किंगमध्ये घुमला. तेव्हाही तो गप्पच. निर्दोष माणूस गप्प बसत नाही.

कामावरून काढण्याचा ठराव एकमताने मंजूर. जाताना त्याने चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पोत्याला हात लावला नाही. शांती इथे असती तर तिनेही पाहिलं असतं. ती गुरुवारपासून वरशाला भावाकडे पूजेला गेली आहे, तिचं माहेरही तिथलंच. ग्रुप ती बघत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

शांती दुपारी आली. पाणी प्यायली आणि पहिलंच विचारलं, "रघूने माझं मीठ वर आणून दिलं का हो?"

मी विचारलं, कसलं मीठ?

"लोणच्याचं. कैऱ्या आणल्यात ना वरशाहून. आणि सुकी मासळी भरायला. आम्ही सहा जणींनी मागवलं होतं त्याच्याकडून. नमिताने, मी, दिपिकाने..."

मी सभेत काय झालं ते सांगितलं. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "वसाहतीत कामगारांनी काही विकायचं नाही, आणायचं नाही, असा प्रविणचा नियम आहे. आमची नावं घेतली असती तर आमच्यावर आलं असतं. म्हणून गप्प राहिला तो."

"नमिता तिथेच होती. ती का बोलली नाही?"

"ते तिला विचारा. तुम्ही काय करणार ते सांगा."

मी म्हटलं, "पोतं लोणच्याचं असेलही. म्हणून त्यातलं मूठभर बागेत गेलं नाही हे कशावरून?"

शांतीने माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत अशी नजर मला आठवत नाही. कैऱ्यांची पिशवी तिने उचलली आणि खाली वॉचमनला देऊन आली.

ठराव एकमताचा आहे. एका पोत्यापायी तो फिरवायचा तर उद्या माझं कोण ऐकेल?

२० एप्रिल, रविवार

शांती पुन्हा वरशाला गेली. भाचीचं बाळंतपण असावं. शिलाई मशीनही नेलं, झबली शिवायची असतील. दोन ट्रंका होत्या, रिक्षावाला कुरकुरत होता. इथल्या उन्हाचाही तिला त्रास होतोच. बदल होईल.

२ मे, शुक्रवार

नवा माळी मिळत नाही. पाणी मीच घालतो, सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. हट्टाने घालतो. तरी पांढरं वाढतंच आहे. रघू जाऊन तीन आठवडे झाले. म्हणजे आणखी कोणी तरी सामील आहे! दुपारी बाकावर छत्री उघडून पहारा देत बसलो. कोणी फिरकलं नाही. वरून पोरांनी गॅलरीतून 'मीठकाका' अशी हाक मारली आणि लपली.

जेवण कंटाळवाणं झालंय. शांतीला फोन केला, तिने उचलला नाही. कामात असेल.

६ मे, मंगळवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

साडेनऊ वाजले होते. ऊन चांगलंच तापलं होतं. पाणी घालता घालता घसा कोरडा पडला, वर जायचा कंटाळा आला, म्हणून पाइप तोंडाला लावला. घोट घेतला आणि थुंकलो. खारट. ढवळलेल्या खाडीसारखं खारट.

घरी प्यायला नळाचं पाणी येतं. बोअरचं पाणी मी चार वर्षांत कधी तोंडात घेतलं नव्हतं. घ्यायचं कारणच नव्हतं.

पाइप हातात तसाच होता आणि पाणी वाहत होतं. पाणी वाळलं की मागे काय उरतं हे शाळेतल्या पोराला कळतं. मार्चपासून दोन वेळा घालायचा हुकूम मी दिला. एप्रिलच्या मध्यापासून तर मी स्वतःच घालतो आहे. रोज तीन तास, मन लावून.

बागेत मीठ घालणारा माणूस मीच.

पंपाजवळ जाऊन मोटार बंद केली.

७ मे, बुधवार

कोणाला सांगायचं नाही असं सकाळी ठरवलं. पाऊस आला की मीठ धुऊन जाईल, लोक विसरतील, रघूला दुसरं काम लागलंच असेल. चहा संपेपर्यंत मला हे पटलं होतं.

दुपारी शांतीने फोन उचलला. मी सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मला पाण्याचं माहीत होतं. रघूनेच सांगितलं होतं, मार्चमध्ये. तुम्हाला सांगा म्हणाला होता. मी सांगणार तोच तुम्ही म्हणालात, तुला माणसं कळत नाहीत. मग मी नाद सोडला."

विषय बदलावा म्हणून विचारलं, भाचीचं बाळंतपण झालं का?

"तिला आत्ता कुठे पाचवा लागलाय," शांती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मशीन कशाला नेलं ते कळलं नाही.

८ मे, गुरुवार

रिक्षा करून रघूच्या गावी गेलो. बांधावरून शेवटचा पल्ला चालत. दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाच्या राशींवरून ऊन डोळ्यात जात होतं. घर विचारलं तर एका बाईने उलट मलाच विचारलं, "तुमी ते फोटोवाले काय?"

दारात त्याची आई, बायजाबाई. सत्तरीची, पाय भेगाळलेले. तिने मला आत बोलावलं नाही.

"रघू आहे का?"

"जेटीवर गेलाय. बार्जावर गोनी उचलायला. तुमच्या किरपेनं."

"मला त्याला परत कामावर..."

"आदी हे ऐका." ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "पेनला दोन सोसायट्यांनी त्याला ये म्हनलं होतं. फोटो बघितला नि नको म्हनलं. सुनंच्या म्हायेरी फोटो गेला. पोरीला शालंत इचारतात, तुजा बापूस बागा मारतो काय? पन्नास वर्सं मीठ पिकवलं आमी, लोकांनी जेवनात घातलं. कोनी आमाला मीठ घातलं म्हनून चोर नाय म्हनलं."

मी चुकलो म्हणालो. ती म्हणाली, "मला काय सांगता? मी हुती काय तुमच्या सभंला?"

रघू आला तेव्हा सहा वाजले होते. खांद्यावर पोत्याचे वळ. मला बघून तो थबकला, मग हात-पाय धुऊन आला. मी सगळं सांगितलं. पाइप, घोट, सगळं. त्याने ऐकून घेतलं.

"परत ये रघू. मी ठराव रद्द करून घेतो."

"येनार नाय काका."

"पगार वाढवून देऊ."

"येनार नाय म्हनलं ना." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "माजा फोटो जसा टाकला तसं काय टाकनार ते सांगा. ज्या पार्किंगमधी मला उभा केला, तितं कोन उभा रानार ते सांगा. नायतर जावा. अंधार पडंल, बांदावर पाय सरंल तुमचा."

पाणीसुद्धा विचारलं नाही कोणी. 

१८ मे, रविवार

सभेच्या आधी प्रविण घरी आला. गोड बोलत होता. "काका, आता विषय उकरू नका. पाण्याचा दोष निघाला तर बिल्डरकडे बोट जाईल, फ्लॅटच्या किमती पडतील. माळी तर गेलाच आहे. गेला तर गेला."

मी म्हटलं, "गेला नाही. मी घालवला."

पार्किंगमध्ये मी उभा राहिलो. वाचून दाखवायला कागद नेला होता, पण अक्षर दिसेना. तसंच बोललो. बोअरचं पाणी खारं आहे, रघूने ते जानेवारीत सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, वर त्याच्यावरच आळ घेतला, बागेत मीठ मी घातलं. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा एकटा पडलाय, डोक्यावर परिणाम झालाय." प्रविणने सांगितलं, यातलं काही इतिवृत्तात घ्यायचं नाही.

मी नमिताकडे पाहिलं. म्हटलं, "पोतं कोणाचं होतं ते तरी आता सांगा."

ती उठली. मला वाटलं बोलते आहे. ती जिन्याकडे निघून गेली. मागच्या रांगेतून दिपिका म्हणाली, "माझं होतं. पाच किलो." मग आणखी एकजण म्हणाली. मग एकदम सगळेच बोलायला लागले, एकमेकांवर, आणि प्रविणने माइक बंद केला.

१९ मे, सोमवार

सकाळी नमिताचं दार वाजवलं. म्हटलं, माझा एक फोटो काढून द्या. ती काही न विचारता खाली आली. मी मेलेल्या हिरवळीत, पांढऱ्या पापुद्र्यांवर, पाइप हातात धरून उभा राहिलो. पहिले दोन फोटो हलले.

"दिनानाथकाका, त्या दिवशी मला तोंडच उघडता आलं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला बंद करता आलं नाही." ती रडायला लागली. मी तिला थांबवलं नाही.

फोटो दोन्ही ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बागेचा मारेकरी मी आहे. रघूने काहीही केलेलं नाही. त्याचा फोटो ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हाही पाठवावा.' दुपारपर्यंत प्रविणने मला सोसायटीच्या ग्रुपवरून काढलं. पण फोटो गेला तो गेलाच.

२३ मे, शुक्रवार

गेल्या चार दिवसांत बरंच ऐकून घेतलं. बाजारात भाजीवाल्याने ओळखलं आणि हसला. इथे अर्धी वसाहत बोलत नाही, उरलेली नको ते बोलते. बागेच्या कामावर आता प्रविणचा माणूस आहे. रघूचा निरोप नाही. दिपिका म्हणाली, गावाजवळच्या एका नर्सरीने त्याला बोलावलं आहे. जाईल की नाही, माहीत नाही. मी विचारायला जाणार नाही. तो माझा हक्क राहिला नाही.

संध्याकाळी शांतीचा फोन आला. तिने स्वतः केला.

"फोटो वरशाला आला. वहिनीने दाखवला."

"मग?"

"बारीक झालात."

  पलीकडे मशीनचा आवाज येत होता, कोणीतरी चालवत होतं.

"शांती, तू परत कधी येणार?"

"मी इथे शिवणाचा क्लास सुरू केलाय. सहा मुली येतात." थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का हो, मी का गेले ते?"

मी म्हटलं, "नाही. आत्ता कळलं."

 

"मी तिकडे येऊ का?" मी विचारलं.

"राहायला नको," ती म्हणाली. "रविवारी जेवायला या."